आधी लाइन तपासायची

मालूताई पोतनीस गोष्ट सांगायला बसल्या की मधला भाग सांगायच्याच नाहीत. "एकदा काय झालं, एका वकिलांच्या घरून ग्वाल्हेरला ट्रंक कॉल लावला," अशी सुरुवात करायच्या. आम्ही हातातल्या सुया थांबवायचो. मग त्या म्हणायच्या, "नंतर त्या घरातलं ठरलेलं लग्न मोडलं. झालं?" म्हणजे गोष्ट संपली.

कुंदा चिडायची. "अहो ताई, पण फोनवर बोलले काय?"

"ते त्यांचं बोलणं. मी फक्त लाइन जोडली."

"ऐकलंत तर असेलच ना."

"कानावर पडलं. कानावर पडणं वेगळं."

ते वकील कधीच वारले. त्यांचा बंगला पाडून तिथे मोबाइलची दुकानं झाली. ज्या मुलीचं लग्न मोडलं ती आता आजी झाली असेल. तरी मालूताईंनी ते बोलणं आम्हाला सांगितलं नाही. मला त्या गोष्टीचा फार राग यायचा. सांगायचं नाही तर सुरू तरी कशाला करायचं.

मालूताई तरुणपणापासून निवृत्त होईपर्यंत उज्जैनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आधी बोर्डावर ऑपरेटर, मग ऑपरेटर बायकांच्या वरच्या. लग्न केलं नाही. "पोतनीस म्हणजे दरबाराच्या खजिन्याच्या किल्ल्या सांभाळणारे," असं सांगायच्या आणि लगेच म्हणायच्या, "आता किल्ल्या गेल्या, आडनाव राहिलं." फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत आमचा गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा गट बसायचा. मीही त्यात होते.

अंगाने बारीक, सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. कुणाशी समोरासमोर बोलत असल्या तरी बोलणं संपलं की "ठेवते" म्हणायच्या आणि उठून जायच्या. जुन्या उज्जैनमधली माणसं त्यांना नावाने कमी आणि टेलिफोनच्या नंबराने जास्त आठवायची. माझी ओळख झाली तेव्हा सासऱ्यांचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे फोन नव्हता. शेजारी होता, दोन-एकोणीस. तुमचे निरोप तिथे यायचे." आणखी एक सवय होती. खोलीत कुणाचा फोन वाजला आणि ती बाई बोलायला लागली की मालूताई मान भिंतीकडे वळवायच्या. बोलणं संपेपर्यंत भिंतीकडेच. एक्स्चेंजमध्ये लाइन जोडून दिली की कानावरचं काढून ठेवायचं आणि तोंड फिरवायचं, अशी त्यांना लावलेली शिस्त होती. कुंदा मुद्दाम सासूला मोठमोठ्याने शिव्या घालत फोनवर बोलायची, पण भिंतीकडची ती मान काही परत फिरायची नाही.

आमचं काम असं होतं. कापड भैरवगढ़हून यायचं, लाकडी ठशांनी छापलेलं. ते छापायची नफीसा, तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. कुठला तुकडा कुठे जोडायचा ती मांडणी नफीसा आणि मालूताई मिळून ठरवायच्या. मांडणीचा फोटो फोनवरच्या गटात टाकायच्या आणि आम्ही आपापल्या घरी तो बघून शिवायचो. गोधड्या इंदूरच्या एक बाई घ्यायच्या. त्या मांडणीसाठीच पैसे द्यायच्या, कारण तशी दुसरीकडे मिळत नव्हती. माझ्या घरचा गॅस आणि मुलीची फी यातूनच निघायची.

एका वर्षी काळ्या जमिनीवर लाल बुट्टे आणि कोपऱ्यात वेल वळवलेली अशी मांडणी केली. आमच्या गोधड्या इंदूरला पोचायच्या आधी तीच मांडणी टावर चौकातल्या एका दुकानात लटकली. मशीनवर छापलेली, पातळ, स्वस्त. इंदूरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर तुमच्याकडून घेणं बंद.

त्या दिवशी खोलीत सगळ्या होत्या, फक्त नफीसा आली नव्हती. कुंदा म्हणाली, "आपल्यातल्याच कुणीतरी फोटो दिलाय." आणि नफीसा बसते त्या जागेकडे बघितलं.

मालूताई म्हणाल्या, "माणसाकडे बघायच्या आधी लाइन तपासायची."

"कसली लाइन?"

"आपण फोनवर टाकतो ते जातं कुठे? कुणाच्या तरी मशीनवर. ते मशीन कुठे ठेवलंय तुला माहीत आहे? त्यावर ड्युटीला कोण बसतं माहीत आहे? मला नाही माहीत. मी बोर्डावर बसले आहे, कुंदा. मधे बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं."

"अहो ताई, मशीन बदलून काय होणार? द्यायचा त्याला फोटो देताच येईल."

"तक्रार आली की आधी लाइन. ती स्वच्छ निघाली तर मग माणूस. एक्स्चेंजचा नियम आहे."

आम्हाला वाटलं दोन दिवसांत विसरतील. त्यांचा भाचा मंदार इंदूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्याने त्यांना सांगितलं की गटात गप्पा मारायचा प्रोग्राम फुकट मिळतो आणि तो आपल्या घरच्या मशीनवर बसवता येतो. त्या मशीनला सर्व्हर म्हणायचं आणि त्यावर लिनक्स घालायचं. मग आपलं बोलणं आपल्याच घरात राहतं. मंदार म्हणाला, "आत्या, मी रविवारी येऊन बसवून देतो." मालूताई नाही म्हणाल्या. "बोर्ड जो बसवतो त्याला सगळे कोपरे माहीत होतात. तू बसवलास तर तू ऐकू शकशील. मलाच शिकव."

मंदारच्या ऑफिसातून टाकून दिलेला कॉम्प्युटरचा एक जुना डबा पडद्यासकट आला आणि आमच्या कापड कापायच्या टेबलावर बसला. आम्ही जमिनीवर आलो. आणि मालूताईंनी हुकूम काढला की नवी लाइन सुरू होईपर्यंत जुन्या गटात एकही फोटो टाकायचा नाही. ज्यांना मांडणी बघायची त्यांनी इथे यायचं. नफीसाला भैरवगढ़हून दोनदा टेम्पो बदलून यावं लागे. तिच्या काखेत कापडाचं गाठोडं, कपाळावर घाम. ती आली की डब्याकडे बघून म्हणायची, "दीदी, बोला क्या ये?" आणि मालूताई म्हणायच्या, "अभी सीख रहा है।"

डबा शिकत होता की मालूताई, ते आम्हाला कळत नव्हतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. मंदारने लिहून पाठवलेल्या ओळी त्या एक एक अक्षर बघून टाइप करायच्या. पहिल्याच आठवड्यात अडल्या. मशीन पासवर्ड मागायचं, त्या टाइप करायच्या आणि पडद्यावर काहीच उमटायचं नाही. त्यांना वाटलं बटणं मेली. देवास गेटपाशी जाऊन नवा कीबोर्ड आणला. तोही तसाच. पुन्हा जाऊन दुकानदाराशी भांडल्या. त्याने तिसरा दिला. शेवटी मंदारला फोन केला तर तो हसायला लागला. "आत्या, तो दिसत नाहीच. तुम्ही लिहा आणि एंटर दाबा. मुद्दाम लपवतो तो."

दुसरं कुणी असतं तर खजील झालं असतं. मालूताईंचा चेहरा उजळला. आम्हाला म्हणाल्या, "बघा, चांगलं मशीन आहे. शेजारी बसलेल्यालासुद्धा दिसू देत नाही."

मग पुढचं. गप्पांच्या प्रोग्रामच्या आधी बोलणं साठवायची कोठी बसवायची असते म्हणे. त्यांनी आधी प्रोग्राम बसवला. मशीनने लाल अक्षरांत नकार दिला. मंदार म्हणाला, "काही नाही, आता कोठी बसवा, होऊन जाईल." पण मालूताईंना अर्धवट जोडलेली तार चालत नव्हती. त्यांनी सगळं पुसलं आणि पेन ड्राइव्ह लावून अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा कुठे एक अक्षर चुकलं, पुन्हा पुसलं. पुसलं की दर वेळी सुरुवातीला तो डबा विचारायचा, तुम्हाला कोणती भाषा हवी. तो पडदा आम्ही इतक्या वेळा बघितला की मला, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला, कुठे काय लिहिलंय ते पाठ झालं. कुंदा दारातून आत आली की आधी तिकडे बघायची. "आज परत भाषा विचारतोय का? काय ताई, तो कंटाळत नाही का?"

"तू कंटाळतेस. त्याला काय होतंय."

एकदाचं ते चाललं, पण फक्त त्या खोलीत. भैरवगढ़मधून नफीसाचा फोन यायचा, "दीदी, घूम रहा है। बस घूम रहा है।" इंटरनेटच्या कंपनीने घराला पक्का पत्ता दिलेला नव्हता, तो सारखा बदलायचा, आणि बाहेरून कुणाला दार सापडायचं नाही. मंदार म्हणाला, दुसरीकडे भाड्याने मशीन घ्या, स्वस्त पडेल. "भाड्याच्या घरात आपलं बोलणं ठेवायचं असतं तर आधीचं काय वाईट होतं?" असं म्हणून त्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसायला लागल्या. रोज जेवण झालं की जायच्या आणि ऑफिस बंद होईपर्यंत खुर्चीवर बसायच्या. एकदा मला बरोबर नेलं. तिथला मुलगा हात जोडून म्हणाला, "अम्माजी, आख़िर आपको करना क्या है?"

"एक्स्चेंज लगाना है।"

"घर में?"

"घर में।"

त्याने बहुतेक त्या उठून जाव्यात म्हणून पक्का पत्ता दिला.

आणि मग पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनवर ते उघडलं तर लाल इशारा आला की हे ठिकाण सुरक्षित नाही, पुढे जाऊ नका.  मग कुंदा पोट धरून हसली. "ताई, तुमचं मशीन स्वतःच सांगतंय, माझ्यावर भरवसा ठेवू नका." मालूताई हसल्या नाहीत. आत जाऊन पाणी प्यायल्या. मंदारने सांगितलं की मशीनकडे आपली ओळख पटवायचा दाखला नाही, तो मिळवावा लागेल. त्यात आणखी किती दिवस गेले ते आठवलं तरी जीव कावतो. इंदूरच्या बाई रोज फोन करून विचारत होत्या, नवीन काय आहे, आणि आम्ही नवीन काही दाखवू शकत नव्हतो.

शेवटी लाइन लागली. मालूताईंनी पहिला निरोप लिहिला, "हॅलो. लाइन चालू आहे. सर्वांनी हजेरी द्यावी." मला चारचौघींत बोलायला जमत नाही, हजेरीला सुद्धा माझा आवाज निघत नाही. तिथे मी लिहिलं, "विमल आहे." नफीसाने भैरवगढ़मधून वाळत घातलेल्या कापडांचा फोटो टाकला. एवढं एक मात्र चांगलं वाटलं.

पण त्रास संपला नाही. मालूताईंनी त्या मशीनला ड्युटी लावली. सकाळी आंघोळ, पूजा झाली की त्या लाइन सुरू करायच्या. दुपारी जेवणाची सुट्टी, लाइन बंद. दिवे लागायच्या वेळेला पुन्हा बंद, कारण रात्रपाळीला माणूस नाही. मधे वीज गेली आणि त्या देवळात असल्या तर त्या परत येईपर्यंत बंदच. मंदारने डोक्याला हात लावला. "आत्या, फक्त एक कमांड आहे. वीज आली की तो आपोआप सुरू होईल, तुम्ही असा नसा."

"ऑपरेटर नसताना बोर्ड चालू ठेवायचा?"

"त्याला ऑपरेटर लागत नाही."

"लागतो. काही जळलं, कुठे भलतीच लाइन जोडली गेली, तर जबाबदार कोण?"

मी कापलेले तुकडे मांडीवर घेऊन दुपारभर बसून राहायचे. मांडणीत लाल आधी की काळा, हे बघायला लाइन उघडी नसायची. मुलगी म्हणायची, आई, फोन करून विचार ना. पण फोनवर काम बोलायचं नाही हाही हुकूम होता. नफीसाला तर जास्तच त्रास. भिजलेला रंग थांबत नाही. एके दिवशी ती खोलीत येऊन म्हणाली, "दीदी, रंग आपकी ड्यूटी नहीं देखता।" मालूताईंनी तिला पाणी दिलं, बसवलं, तिचं म्हणणं नीट ऐकलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन बंद केली.

त्या दिवसांत मंदार एकदा येऊन गेला तेव्हाचं मला लख्ख आठवतं. तो पडद्यावर काहीतरी दाखवत होता. "हे बघा आत्या, तुम्ही मालक, त्यामुळे तुम्हाला सगळं उघडता येतं. दोघींनी आपसात केलेलं बोलणंसुद्धा. कुणी कुठला फोटो उतरवून घेतला तेही."

मालूताई खुर्चीवरून उठल्याच. "ते दिसणं बंद कर."

"बंद होत नाही. ज्याचं मशीन त्याला दिसणारच."

"मग तिथपर्यंत कसं जायचं ते मला दाखवू नकोस."

"मी नाही दाखवलं म्हणून ते तिथे नाही असं थोडंच आहे."

त्यांनी एक उरलेलं छापाचं कापड घेतलं आणि पडद्यावर टाकलं. त्यानंतर त्या फक्त सुरू करायच्या दोन ओळी आणि बंद करायच्या दोन ओळी लिहायला कापड वर करायच्या. मला तेव्हा वाटलं, एवढा खटाटोप करून ज्या बाईला मधे बसलेला माणूस नको होता, तीच आता मधे बसली आहे, आणि तिला ते आत्ता कळलं.

दिवाळीसाठी नवी मांडणी ठरली. निळीचा गडद रंग, त्यावर पांढऱ्या कैऱ्या, आणि चारही कोपरे चार वेगळ्या दिशांना. नफीसाने त्यासाठी सासऱ्यांचे जुने ठसे काढले. फोटो फक्त आमच्या लाइनवर टाकला, दुसरीकडे कुठेच नाही. आम्ही सगळ्या जीव तोडून शिवायला लागलो.

खंडेनवमीला मालूताई खोलीतली सगळी हत्यारं पुजायच्या. शिवणयंत्रं, कात्र्या, गज, नफीसाचे ठसे. त्या वर्षी डबाही पुसून घेतला आणि त्यावर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेला ठेवलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही, दसऱ्याला उचलायचं, हे आमच्या घरांतलं लहान पोरही जाणतं. मंदार जेवायला आला होता. नफीसा ठसे घेऊन आली होती आणि मालूताईंनी तिला आग्रह करून थांबवून घेतलं होतं.

कुंदा उशिरा आली. चप्पल काढली, हातातल्या पिशवीतून काढून एक गोधडी आमच्या पुढ्यात टाकली. निळी. पांढऱ्या कैऱ्या. चार कोपरे चार दिशांना.

"टावर चौकातून आणलीय," ती म्हणाली. "आता लाइन तर तुमची आहे ना ताई?"

नफीसाचं नाव कुणी घेतलं नाही. पण सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मीही बघितलं असेन. ती म्हणाली, "सब मुझे क्यों देख रहे हो?"

मंदार म्हणाला, "आत्या, दोन मिनिटं द्या. कुणी उतरवून घेतला फोटो ते निघेल. एकदा काय ते मिटेल."

मालूताई म्हणाल्या, "आज हत्याराला हात लावायचा नाही."

"अहो, हत्यार काय, कॉम्प्युटर आहे तो," कुंदा म्हणाली.

"माळ घातलीय त्याला. तुमच्यासमोर घातलीय."

 माळ कुंदानेच ओवून आणली होती, आदल्या संध्याकाळी. नफीसा पुढे सरकली. ती कधी कुणाला हात लावून बोलत नसे, पण तिने मालूताईंचं मनगट धरलं. "देख लो ना दीदी। आज नहीं तो कल। पर देख लो। मेरे लिए देख लो।"

मालूताईंनी मान भिंतीकडे वळवली. "आज नाही," एवढंच म्हणाल्या.

आम्ही त्याचा अर्थ उद्या असा घेतला.

दसऱ्याला सकाळी सगळ्या आल्या. जिला शिवायचं नव्हतं तीही आली. मंदार आदल्या दिवशी इंदूरला परत गेलाच नव्हता, ओळखीच्यांकडे राहिला होता. नफीसा तर आमच्याही आधी येऊन पायरीवर बसली होती. मालूताईंनी दार उघडलं. डब्यावरची माळ सुकली होती. पडद्यावरचं कापड बाजूला होतं आणि पडदा विचारत होता, तुम्हाला कोणती भाषा हवी.

आमच्यापैकी कुणालाच ते समजावून सांगायला लागलं नाही. कुंदा खाली बसली. मंदार म्हणाला, "आत्या, हे काय करून बसलात?"

"लाइन स्वच्छ होती. माझं काम झालं."

"आणि चोर?" कुंदाने विचारलं.

"ते ऑपरेटरचं काम नाही."

"मग कुणाचं आहे? आमच्या हातचं काम गेलं, आता कुणाला विचारायचं आम्ही? तुम्हाला?" कुंदाचा आवाज चिरकला. मालूताईंनी सुकलेली माळ डब्यावरून उतरवली. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी मधला भाग सांगितला नसता.

नफीसाने पूजेतले तिचे ठसे उचलले. हळदीकुंकू पदराने पुसलं नाही, तसेच कापडात बांधले. दारात थांबून म्हणाली, "दीदी, आपने सबको बचा लिया। मुझे छोड़कर।"

इंदूरच्या बाईंनी काम बंद केलं. गट एकदम मोडला नाही, पण एकेक बाई यायची बंद झाली. आपसात भेटल्या तरी दोघी बोलायच्या आणि तिसरी आली की थांबायच्या. माझ्यावरही कुणाला संशय आला असेल, मला माहीत नाही. ज्याने कुणी केलं त्याचं नाव शेवटपर्यंत निघालं नाही, आणि न निघाल्यामुळे ते नफीसाच्या माथी राहिलं. भैरवगढ़मधल्या दुसऱ्या बायकासुद्धा तिला विचारायच्या, तुला का काढलं म्हणून.

मालूताई रोज सकाळी भैरवगढ़ला जायला लागल्या. नफीसाच्या दारात ओट्यावर बसायच्या, सगळ्यांना दिसेल असं. कापडं दोरीवर वाळत असायची, त्यांच्या खाली ही बाई ताठ बसलेली. नफीसा चहा द्यायची. बोलायची नाही. एकदा मी बरोबर होते. निघताना नफीसा म्हणाली, "दीदी, बैठने से क्या होगा?" मालूताई म्हणाल्या, "पता नहीं।"

परतताना टेम्पोत मी विचारलं. मी कधी कुणाला असं विचारत नाही. "ताई, तुम्ही बघितलं होतं का? पुसायच्या आधी?"

"नाही."

"बघायचं होतं. नफीसा तरी त्यातून सुटली असती."

"आणि तिचंच नाव निघालं असतं तर?"

मी पिशवीतून टेम्पोचे सुटे पैसे काढायला लागले.

"कुंदाचं निघालं असतं तर? तुझं? कुणाचं तरी निघालंच असतं ना विमल. मग त्या एकीला मी काय म्हणून बसवलं असतं खोलीत?"

"पण आता कुणीच बसत नाही, ताई."

टेम्पोवाल्याने मधेच आणखी दोन माणसं घेतली, मालूताई सरकून माझ्या अंगाला चिकटल्या.  मग "झालं?" म्हणाल्या. मला वाटलं त्या मला विचारत आहेत. मी हो म्हणाले नाही.

पुढे त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं. मंदारने घर बंद करून त्यांना इंदूरला न्यायचं ठरवलं. तो गाडी घेऊन येणार होता, पण त्या म्हणाल्या मी बसने येईन. मी देवास गेटच्या बस स्टँडवर गेले. सामान वर चढवलेलं होतं. त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि मांडीवर मोठं चौकोनी गाठोडं होतं, निळ्या छापाच्या कापडात बांधलेलं. नफीसाचंच कापड. मला आकारावरून कळलं आत काय आहे.

कंडक्टर म्हणत होता, "अम्मा, ये ऊपर रख दो, रास्ते में पैर दुख जाएँगे।" त्यांनी त्याला हाताने नको केलं.

मी खिडकीशी जाऊन मोठ्याने बोलले. "ताई, आतलं सगळं पुसलंत ना? मग आता कशाला उचलून नेताय?"

त्यांनी कानाला हात लावला, मी पुन्हा बोलले. मग त्या वाकून म्हणाल्या, "मंदार म्हणतो, पुसलेलं सुद्धा हुशार माणूस परत काढू शकतो."

म्हणजे ते नाव अजून त्या डब्यात होतं. ते मला हवं होतं. नफीसासाठी हवं होतं, माझ्यासाठी हवं होतं, आणि आज गोधड्यांऐवजी शाळेचे गणवेश शिवताना सुद्धा हवं असतं. त्या वेळी मला वाटलं, खिडकीतून हात घालावा आणि ते गाठोडं ओढून घ्यावं. मी फक्त खिडकीची सळई धरून उभी राहिले.

बस सुरू झाली. "ठेवते," त्या म्हणाल्या, आणि मी हात काढला. बस वळण घेताना मला त्या पुन्हा एकदा दिसल्या. दोन्ही हात गाठोड्यावर घट्ट होते, आणि मान दुसऱ्या बाजूला वळलेली होती, शेजारी कुणाचं फोनवर बोलणं चालू असलं की वळायची तशी.